फुलवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप कामाचा कसा करायचा

पुण्याच्या आसपास फुलशेती करणाऱ्या कुणाचाही फोन उघडून बघा, पाच-सहा ग्रुप तरी सापडणारच. मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांचा एक, यवत-सासवडकडच्या झेंडू-शेवंतीवाल्यांचा एक, नर्सरीवाल्यानं काढलेला एक, औषध कंपनीच्या पोरानं काढलेला एक, आणि गावचा तर असतोच असतो. आणि एवढं असूनही संध्याकाळी "उद्याला माल काढू का एक दिवस थांबू" हा प्रश्न पडला की माणूस सगळे ग्रुप बाजूला ठेवून ओळखीच्या अडत्यालाच फोन लावतो. कारण ग्रुपवर सकाळपासून दोनशे मेसेज आलेत, त्यात गुलाबाचे फोटो आहेत पण ते गुड मॉर्निंगवाले.

माझ्या मते फुलवाल्यांच्या ग्रुपची एकच परीक्षा आहे. तोडणीच्या आधी पाच मिनिटं ग्रुप बघितला आणि काहीतरी ठरवता आलं तर ग्रुप चालू आहे, नाहीतर तो नुसता भरलेला आहे. कांदा असता तर चाळीत टाकून बसता आलं असतं, इथं उमललेलं फूल उद्या कुणी विचारत नाही, त्यामुळे उशिरा आलेली माहिती आणि अर्धवट माहिती दोन्ही सारखीच बिनकामाची.

आता कसं करायचं ते सांगतो, नवीन ग्रुप काढणाऱ्यालाही आणि जुना सरळ करणाऱ्यालाही.

आधी माणसं. व्हॉट्सॲप एका ग्रुपमध्ये १०२४ जण घेऊ देतं म्हणून तेवढे भरायचे असं काही नाही. एका पिकाचे, एका पट्ट्यातले, एकाच मार्केटला माल धाडणारे असे लोक एकत्र ठेवा, कारण पॉलिहाऊसमधल्या जरबेऱ्याचं आणि माळावरच्या झेंडूचं दुखणं वेगळं, एकाचं ऐकून दुसऱ्याचा काही फायदा नाही. सगळ्यांना एका छत्राखाली ठेवायचंच असेल तर व्हॉट्सॲपवरच कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र ठेवायची सोय) काढा, त्यात गुलाब वेगळा, जरबेरा-कार्नेशन वेगळा, लूज म्हणजे सुट्टी फुलं वेगळी आणि वर एक फक्त सूचनांचा ग्रुप, ज्यात ॲडमिनच लिहिणार.

शेतकरी सोडून दुसरे कोण घ्यायचे यावर नेहमी वाद होतो. माझं म्हणणं, टेम्पोवाला घ्याच घ्या, कारण घाटात गाडी अडकली तर ते सगळ्यात आधी त्यालाच कळतं. एक-दोन अडते घ्या, पण एकाच गाळ्याचे नकोत. नर्सरीवाला, कृषी सहायक, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातलं कुणी यायला तयार असेल तर सोन्याहून पिवळं, बारामती आणि नारायणगाव दोन्हीकडे केंद्रं आहेत, आपल्याला जे जवळ पडतं तिथं एकदा जाऊन विचारायला काय जातंय. डेकोरेटर आणि हारवाले लग्नसराईत कामाला येतात. औषधवाल्यांनाही घ्या पण एका अटीवर, जाहिरात आठवड्यातून एकदा आणि ठरलेल्या वारीच, बाकी दिवस त्यांनी विचारलेल्याचं उत्तर द्यायचं.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. बऱ्याच प्लॉटवर तोडणी, ग्रेडिंग, बंच बांधणं हे सगळं घरातल्या ताई-वहिनी बघतात, कुठल्या बेडवर (वाफ्यावर) कोळी कीड दिसायला लागलीय हे त्यांना आपल्या आधी कळतं, पण ग्रुपमध्ये नंबर असतो दादांचा आणि दादा असतात तालुक्याला. दोघांचेही नंबर घ्या. फरक चार दिवसांत दिसेल.

नवीन माणूस आला की त्यानं नाव-गाव-पीक-क्षेत्र एवढं टाकायचं, आणि प्रोफाईलचं नावसुद्धा तसंच ठेवायचं, म्हणजे "बापू, येळसे, गुलाब" असं. नाहीतर खाली नाव दिसतं "एकच वाघ" आणि त्यानं सांगितलेला भाव कुठला समजायचा हे कुणाला कळत नाही. नवीन लोकांना ॲडमिननं मंजूर केल्याशिवाय आत येता येणार नाही अशी सेटिंग आहे ती चालू ठेवा, लिंक कुठंही फिरते.

आता मुख्य मुद्दा, भाव.

ग्रुपवर रोज काय होतं? एकजण विचारतो, "आज गुलाब काय?" खाली उत्तर येतं, "८०". संपलं. आता हे ८० कशाचे? डच गुलाबाच्या २० नगांच्या बंचचे की साध्या गुलाबाच्या गड्डीचे? लाल का मिक्स कलर? ४० सेंटिमीटरची काडी की ६०ची? गुलटेकडीला म्हणजे पुण्याच्या मार्केटयार्डात, दादरला, हैदराबादच्या गुडीमलकापूरला की दिल्लीच्या गाझीपूरला? सकाळी पहिल्या लॉटला की माल पडून राहिल्यावर? आकडा आहे पण त्यावर ठरवता काहीच येत नाही, उलट समोरचा ८० धरून चालतो आणि संध्याकाळी पट्टी (अडत्यानं दिलेला विक्रीचा हिशोब) बघून डोक्याला हात लावतो. गुलछडीचंही तेच, सुट्टी किलोवर जाते आणि काडी वेगळी विकते. ॲस्टरची जुडी वेगळी, सुट्टा वेगळा. झेंडूत तर पावसाळ्यात ओला का सुका हे लिहिलं नाही तर भाव लिहूच नका, भिजलेल्या मालाचा आणि कोरड्या मालाचा भाव एकाच दिवशी एकाच गाळ्यावर निम्म्यानं वेगळा असू शकतो.

म्हणून एक साचा ठरवून टाका आणि तो ग्रुपवर पिन करा (पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहतो, ३० वालाच निवडा आणि महिन्यानं परत करा). साचा फार मोठा नको, लोक भरत नाहीत. असा पुरे, आकडे नमुन्याचे आहेत:

"मार्केटयार्ड, मंगळवार पहाट. झेंडू पिवळा, सुका, मध्यम साईज. खालचा २५, वरचा ४०, जास्त माल ३० ला गेला. ओला १५. आवक कालच्यापेक्षा जास्त. माझे ६ क्रेट होते."

यातली "जास्त माल कितीला गेला" ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. आपल्या लोकांना वरचा भाव सांगायची भारी हौस, कुणाचे तरी निवडक दोन क्रेट ४० ला गेले की ग्रुपवर "झेंडू चाळीस" होतं आणि मग पट्ट्यातले सगळे दुसऱ्या दिवशी जे तोडायचं नाही तेपण तोडतात, आवक वाढते, आणि भाव खाली. हे दसऱ्याच्या आधी दरवर्षी बघतो आपण. आणि शेवटची ओळ, "माझे ६ क्रेट होते", म्हणजे सांगणाऱ्यानं स्वतः विकलंय, ऐकीव नाही. ऐकीव असेल तर सरळ "ऐकीव" असं लिहायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जमलं तर भावासोबत खर्चही एकदा महिन्याला टाकत जा. टेम्पो भाडं, हमाली, तोलाई, पॅकिंग जाऊन हातात काय आलं. नुसत्या भावावरून दादरला पाठवायचं का गुलटेकडीला हे ठरत नाही. पणन मंडळाच्या वेबसाईटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव येतात ते ताडून बघायला चांगले आहेत, पण त्यात आपल्या मालाची प्रत दिसत नाही, ती ग्रुपवरच कळणार.

वेळेचं म्हणाल तर भाव टाकायचे ते मार्केट उरकल्यावर लगेच, गाडीत बसल्या बसल्या. दुपारी चारला आलेला सकाळचा भाव काय कामाचा, तोपर्यंत बायका तोडणीला लागलेल्या असतात.

दुसरी मोठी गोष्ट रोग-किडीची. इथं फोटो येतो, एकच, हातात धरलेलं पान, मागं अंधार, आणि खाली "काय मारू?" त्यावर दहा मिनिटांत बारा उत्तरं, बारा वेगवेगळी औषधं. हे बंद केल्याशिवाय ग्रुपचा भरवसा वाढत नाही.

फोटो काढायची पद्धत अशी ठेवा. एक लांबून, सगळा बेड दिसेल असा, म्हणजे रोग सगळीकडे आहे का कडेला दाराजवळच आहे ते कळतं. मग एक झाडाचा. मग पानाचा वरून आणि पान उलटं करून खालून, कारण लाल कोळी खालीच असतो, आणि डाऊनी रोगाचं खरं खोटं बऱ्याचदा खालच्या बाजूलाच कळतं. फुलकिडे वाटत असतील तर कळी पांढऱ्या कागदावर झटकायची आणि कागदाचा फोटो काढायचा, बारीक पिवळट-काळपट किडे पळताना दिसतात. शेडनेटच्या आत फोटो हिरवट येतो आणि पिवळेपणाचा अंदाजच चुकतो, म्हणून पान तोडून बाहेर उजेडात आणून काढा, पण उन्हात धरू नका, सावलीत. आणि पाठवताना एचडी निवडा नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, झूम केलं की नुसते चौकोन.

फोटोसोबत लिहायचं काय? जात कोणती, लागवड किती दिवसांची, डाग कधीपासून, मागच्या पंधरा दिवसांत काय काय मारलं, पाणी किती देताय, पॉलिहाऊस असेल तर ईसी-पीएच (पाण्यातले क्षार आणि आम्लपणा यांची मापं). मागची फवारणी लिहिली नाही तर उत्तर देऊच नये असं माझं मत, कारण लोक परवा मारलेलंच औषध दुसऱ्या नावानं आज परत मारतात. गुलाबावर भुरी आणि डाऊनी यांतसुद्धा गोंधळ होतो. भुरीत पांढरी पावडर बसल्यासारखी दिसते, डाऊनीत पानावर जांभळट-तपकिरी डाग पडतात आणि पानं पटापट गळतात. दोन्हीची औषधं वेगळी. नुसत्या "पानं खराब झालीत" वर कोण काय सांगणार?

आणि उत्तर देणाऱ्यांनो, तुमच्यासाठी दोनच नियम. पहिला, औषधाचं बाजारातलं नाव सांगितलं तरी त्यातला घटक लिहा. एकच घटक चार कंपन्यांच्या चार डब्यांत असतो, शेतकऱ्याला वाटतं आपण औषध बदललं, पण कीड तीच आणि औषधही तेच, मग फुलकिडे दाद देत नाहीत म्हणून बोंब. दुसरा, प्रमाण "प्रति लिटर" मध्येच लिहा. "पंपाला ३० मिली" असं लिहिता तेव्हा तुमचा पंप १५ लिटरचा असतो, वाचणाऱ्याचा २० चा, आणि तिसरा तर २०० लिटरच्या ड्रमवर एचटीपी पंपानं मारणारा, तो गुणाकार कसा करणार देव जाणे. शिवाय डब्यावरचं लेबल वाचायला सांगा, त्यावर पीक आणि प्रमाण दिलेलं असतं. डब्यावरच्या चौकोनातला लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्यावाल्याचा सल्ला ग्रुपवर कुणीही उठून देऊ नये, ते तज्ज्ञाला विचारूनच. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलतात, तो ग्रुपच्या माहितीत टाकून ठेवा. पुण्यातच पुष्प संशोधन संचालनालय आहे, तळेगाव दाभाडेला सुगीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था आहे जिथं पॉलिहाऊसचं प्रशिक्षण मिळतं, एवढं हाताशी असताना बारा जणांची बारा औषधं कशाला.

प्रश्न सुटला की ज्यानं विचारलं त्यानं आठ दिवसांनी परत येऊन सांगायचं, काय मारलं आणि फरक पडला का नाही. हे कुणीच करत नाही. त्याच जुन्या मेसेजला रिप्लाय करून सांगितलं तर पुढच्या वर्षी सर्चमध्ये "डाऊनी" टाकल्यावर प्रश्न-उत्तर-निकाल तिन्ही एका जागी सापडतं. खरं सांगायचं तर ग्रुपची कमाई हीच.

व्हॉईस मेसेजवर बंदी घालू नका. बरेच काका लोक टाईप करत नाहीत आणि त्यांच्याकडंच खरी माहिती असते. फक्त सुरुवातीला नाव-गाव-विषय बोलायचा आणि एका मिनिटात आटपायचं, "हां हॅलो, ऐकू येतंय का" यात अर्धा वेळ नको. ॲडमिनपैकी एखाद्या पोरानं खाली एका ओळीत लिहायचं की काकांनी काय सांगितलं, म्हणजे सर्चमध्ये येतं.

गुड मॉर्निंग, देवाचे फोटो, राजकारण, वाढदिवस यासाठी वेगळा गप्पांचा ग्रुप काढून द्या, नाहीतर लोक ऐकत नाहीत. वाढदिवसाला शंभर जणांनी केक टाकला की त्याच्याखाली गाडी बंद पडल्याचा मेसेज गाडला जातो. मुख्य ग्रुपवर असलं काही आलं तर ॲडमिननं गुपचूप डिलीट करायचं, ॲडमिनला सगळ्यांसाठी डिलीट करता येतं, आणि त्या माणसाला पर्सनलवर सांगायचं, "दादा, तेवढं गप्पांच्या ग्रुपवर टाका." चारचौघांत बोललं की माणूस दुखावतो, ग्रुप सोडतो, आणि बाहेर जाऊन दुसरा ग्रुप काढतो. आपल्याकडं ग्रुप वाढतात ते असेच. ॲडमिन तीन तरी ठेवा आणि त्यातला एक रोज मार्केटला जाणारा असू द्या.

अडत्याशी भांडण झालं, पट्टी उशिरा आली, वजनात फरक पडला, पैसे अडकले, तर पट्टीचा फोटो नावासकट ग्रुपवर टाकायचा मोह होतो. टाकू नका. एकतर त्या ग्रुपमध्ये त्याचा माणूस असतोच, दुसरं म्हणजे चूक निघाली तर आपणच बदनामीच्या भानगडीत. आधी फोन, मग लेखी, मग बाजार समितीच्या कार्यालयात पट्टी घेऊन जायचं. पाच-सहा जणांचा एकाच गाळ्याबद्दल तोच अनुभव असेल तर पर्सनलवर जमवा आणि एकत्र जा, त्याला वजन असतं. ग्रुपवर शिव्या घालून पैसे सुटल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

ॲडमिन व्हायला लोक घाबरतात, कुणी काही वाकडं टाकलं तर केस आपल्यावर म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये असं म्हटलंय की दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीपासून संगनमत वगैरे नसेल तर, नुसतं ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. म्हणून मोकाट सोडा असं नाही, पण घाबरून ग्रुपच बंद करायचीही गरज नाही.

फसवणुकीचं मात्र मनावर घ्या. "पीएम किसान" नावानं एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) फिरते, कुणीतरी भोळेपणानं फॉरवर्ड करतं, ती टाकली की फोनमधलं सगळं चोराच्या हातात. नियमच करा, ग्रुपवर एपीके दिसली की आधी डिलीट आणि मग चौकशी. दुसरा प्रकार सणासुदीला, लांबच्या शहरातला "डेकोरेटर" मोठी ऑर्डर देतो आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकतो. स्क्रीनशॉटवर गाडी भरायची नाही, बँकेत जमा दिसले की मगच. आणि पैसे घ्यायला आपल्याला कधीच यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन, तिथं मिनिटांचा हिशोब असतो.

आता ज्यासाठी ग्रुप खरा वापरावा आणि कुणी वापरत नाही ते, लागवडीचं. व्हॉट्सॲपवर पोल आहे, त्यात भाजी कुठली खाल्ली हे विचारण्यापेक्षा लागवड विचारा. झेंडूचं रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फूल चालू होतं, म्हणजे दसरा धरायचा तर कधी लावायचं हे सगळ्यांनाच माहिती, आणि म्हणूनच सगळे एकाच आठवड्यात लावतात. पोल टाका: दसऱ्यासाठी किती लावताय, अर्धा एकर, एक, दोन, त्याहून जास्त, आणि कुठल्या आठवड्यात. दोनशे लोकांच्या ग्रुपमधून शंभरांनी जरी खरं उत्तर दिलं तरी पट्ट्यात काय होणारे याचा अंदाज येतो, मग दहा-वीस जण आपोआप मागं-पुढं सरकतात किंवा शेवंतीकडं वळतात. नर्सरीवाला ग्रुपमध्ये असेल तर त्याच्याकडून कुठली रोपं किती बुक झालीत हेही विचारा, नावं नकोत, नुसता आकडा.

गुलाबवाल्यांचं वेळापत्रक व्हॅलेंटाईनचं. डिसेंबरच्या मध्याला कटिंग-बेंडिंग (फांद्या छाटणं आणि वाकवणं), तिथून साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फ्लश म्हणजे फुलांचा एकदम येणारा बहर, जानेवारी संपता संपता एक्स्पोर्टचा माल निघायला लागतो आणि लोकल मार्केटचा त्याच्या मागून. पण थंडी वाढली की फूल मागं पडतं आणि अचानक ऊन तापलं की सगळं एकदम फुटतं. त्या दिवसांत ग्रुपवर रोज एवढंच टाका: आमच्याकडं रात्रीचं तापमान इतकं, कळी वाटाण्याएवढी का हरभऱ्याएवढी, कट कुठल्या तारखेचा. पवनानगरच्या आणि तळेगावच्या लोकांचं हे शेजारी शेजारी वाचलं की पट्ट्यातला माल कधी एकदम पडणार ते आठवडाभर आधी दिसतं, कोल्ड स्टोअरची जागा आणि गाडी तेव्हाच बोलून ठेवता येते.

ग्रुपच्या माहितीत टाकायला तयार मजकूर देतो, नाव बदलून उचला:

"हा ग्रुप अमुक पट्ट्यातल्या गुलाबवाल्यांचा आहे. आल्यावर नाव-गाव-पीक-क्षेत्र टाका. भाव टाकताना मार्केट, वार, ग्रेड, नग किंवा किलो, खालचा-वरचा आणि जास्त माल कितीला ते लिहा, ऐकीव असेल तर तसं लिहा. रोगाचे फोटो चार, पानाच्या खालच्या बाजूचा हवाच, मागच्या फवारण्या लिहा. औषध सांगताना घटक आणि प्रति लिटर प्रमाण. जाहिरात फक्त शनिवारी. एपीके, राजकारण, कुणाच्या पट्टीचे फोटो नकोत. गप्पांचा ग्रुप वेगळा आहे, लिंक ॲडमिनकडं मागा. किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, सायबर १९३०."